गच्चीवरून न उडणारा पक्षी

जुन्या दिल्लीत, चांदणी चौकाच्या पूर्व टोकाला, लाल किल्ल्याच्या अगदी समोर लाल दगडाचे एक उंच मंदिर उभे आहे. श्री दिगंबर जैन लाल मंदिर हे त्याचे नाव. दिल्लीतील जैन मंदिरांत हे सर्वांत जुने आणि सर्वांत परिचित. शाहजहानने यमुनाकाठी नवी राजधानी वसवली तेव्हा त्याने अग्रवाल जैन व्यापाऱ्यांना तेथे बोलावून दरिब्याच्या परिसरात जागा दिली. त्या वसाहतीबरोबरच, १६५६ च्या सुमारास, या मंदिराची स्थापना झाली. मोगल अमलात त्याला शिखर नव्हते. आज दुरून दिसणारी शिखरे स्वातंत्र्यानंतरच्या जीर्णोद्धारातील आहेत. हस्तिनापूरला किंवा सम्मेदशिखरजीला निघालेला महाराष्ट्रातील यात्रेकरू दिल्लीत एक दिवस थांबला, की त्याची पावले आपोआप येथे वळतात. पादत्राणे आणि चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवून तो आत येतो, भगवंतांचे दर्शन घेतो, आणि मग कोणीतरी त्याला सांगते, की मागच्या इमारतीतील पक्ष्यांचे रुग्णालय पाहिल्याशिवाय जाऊ नका.

हे धर्मार्थ पक्षी चिकित्सालय म्हणजे या मंदिराची दुसरी ओळख. १९२९ साली याच परिसरात लहान प्रमाणावर सुरू झालेले हे काम १९५० च्या दशकात मंदिराच्या आवारातील इमारतीत आले. जिना चढून वर गेले, की पिंजऱ्यांच्या रांगा लागतात. बहुसंख्य रुग्ण कबुतरे. कोणाचा पंख पतंगाच्या मांजाने कापलेला, कोणी छताच्या फिरत्या पंख्यावर आदळलेले, कोणी उन्हाच्या तडाख्याने खाली पडलेले. दिल्लीत पतंगांचा हंगाम पंधरा ऑगस्टच्या सुमारास असतो आणि त्या दिवसांत जखमी पक्ष्यांची रीघ लागते. नायलॉनच्या मांजावर २०१७ मध्ये बंदी आली, तरी तो पुरता गेलेला नाही. रिक्षावाला, शाळकरी मूल, दुकानातला नोकर, कोणीही पक्षी ओंजळीत घेऊन येतो. त्याला जात-धर्म विचारला जात नाही आणि पैसेही मागितले जात नाहीत.

येथील एक नियम प्रसिद्ध आहे. दाणे व फळे खाणाऱ्या पक्ष्यांना दाखल करून घेतले जाते. घार, ससाणा यांसारख्या शिकारी पक्ष्यांवर उपचार होतात, पण मुक्काम मिळत नाही. दुसराही नियम तितकाच महत्त्वाचा. बरा झालेला पक्षी पुन्हा कोणाच्या पिंजऱ्यात जात नाही, त्याला गच्चीवरून आकाशात सोडले जाते. समोर लाल किल्ल्याची तटबंदी, खाली माणसांचा महापूर, आणि त्या दोहोंच्या मधल्या मोकळ्या आकाशात एक कबुतर झेपावते. हे दृश्य पाहिलेला यात्रेकरू ते विसरत नाही. आणलेला जीव बरा झाला, मुक्त झाला, उपकाराचे खाते तेथल्या तेथे मिटले, असे समाधान त्या एका भरारीत असते.

परंतु असाही एक पक्षी आहे, की ज्याचे खाते असे मिटत नाही. तो म्हणजे कोंबडी.

कोंबडी दाणे टिपते, तसे किडेही टिपते. त्यामुळे शाकाहारी आणि शिकारी अशा दोन रांगांपैकी ती कोणत्याच रांगेत नीट बसत नाही. त्याहून मोठी अडचण अशी, की बरी झाल्यावरही तिला सोडायला जागा नाही. गच्चीवरून सोडले तर ती फडफडत खालच्या गल्लीत उतरेल, आणि तेथून कुत्र्याच्या तोंडी किंवा पुन्हा एखाद्या खाटकाच्या हाती जाईल. कबुतराला रुग्णालय पुरते. कोंबडीला घर लागते. जीवदयेच्या व्यवस्थेत हा फरक फार मोठा आहे आणि त्याचा विचार समाजात अजून पुरेसा झालेला नाही.

ही कोंबडी येते कोठून, हे पाहायचे तर लाल मंदिरापासून यमुना ओलांडून पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवरील गाझीपूरला जावे लागते. राजधानीला जिवंत कोंबड्या पुरवणारा घाऊक बाजार तेथे भरतो. फुलांचा घाऊक बाजारही तेथेच आहे, आणि शहराच्या कचऱ्याचा तो प्रसिद्ध डोंगरही तेथेच. एकीकडे लग्नमंडपांसाठी झेंडूच्या राशी उतरतात, दुसरीकडे जाळीच्या खुराड्यांनी भरलेल्या गाड्या, आणि वर घारींचे थवे घिरट्या घालत असतात. खुराड्यात पक्षी इतके दाटलेले असतात, की कोणाला बसता येत नाही आणि कोणाला उभे राहता येत नाही. पुढचा किरकोळ प्रवास तर देशात कोठेही सारखाच दिसतो: पाय एकत्र बांधून, डोके खाली लोंबकळत, सायकलच्या किंवा मोटारसायकलच्या दांडीवरून. अशा प्रवासात एखादी गाडीतून निसटते, एखादी मेली समजून टाकून दिली जाते, कधी पोलीस वाहन अडवतात, कधी शेड बंद पडते आणि मालक पक्षी सोडून देतो. जीवदया करणाऱ्याच्या दारी येणारी कोंबडी बहुधा अशा वाटेने येते आणि बहुधा लंगडत येते.

हे लंगडणे केवळ प्रवासातील मारामुळे नसते, त्याची मुळे खोलवर असतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतातील कोंबडीवर्गीय पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटींहून अधिक आहे. त्यांपैकी व्यापारी शेडमध्ये वाढणाऱ्या कोंबड्यांच्या दोन मुख्य जाती, एक मांसासाठी, दुसरी अंड्यांसाठी. दोघींचे दुखणे वेगळे, पण कारण एकच: शरीराकडून त्याच्या ऐपतीपलीकडची वसुली.

मांसासाठी वाढवलेले पिल्लू जन्मतः सुमारे ४० ग्रॅमचे असते. सहा आठवड्यांत ते दोन किलोंच्या वर जाते, म्हणजे पन्नास पटींहून अधिक. स्नायू भराभर वाढतात. हाडे, सांधे आणि हृदय मागे पडतात. पाय बाहेर फेंगडतात, घोट्यावर बसून बसून तेथे जखमा होतात, आणि एक दिवस पाण्याच्या भांड्यापर्यंत जाणेही अशक्य होते. ब्रिटनमध्ये सुमारे ५१ हजार पक्ष्यांच्या चालीची तपासणी करणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी ४० दिवसांच्या वयाला एक चतुर्थांशाहून अधिक पक्ष्यांची चाल बिघडलेली आढळली. त्यांना वेदना होतात काय, या प्रश्नाचे उत्तरही पक्ष्यांनीच दिले आहे. त्यापूर्वी, २००० साली, प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लंगड्या आणि निरोगी पक्ष्यांपुढे दोन रंगांचे खाद्य ठेवले होते. एकात वेदनाशामक औषध, दुसरे साधे. लंगड्या पक्ष्यांनी औषधाचे खाद्य अधिक निवडले, आणि ज्याचे लंगडणे जास्त त्याचे औषध खाणेही जास्त. मुक्या जीवाची ही साक्ष वाचल्यावर शंकेला जागा उरत नाही.

अंड्यांसाठी ठेवलेल्या कोंबडीचे दुखणे हिशेबाच्या भाषेत अधिक नीट समजते. तिची मूळ पूर्वज असलेली लाल रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. शेडमधली कोंबडी तीनशेच्या आसपास घालते. एका अंड्याच्या कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणजे वर्षाला सहाशे ग्रॅम. आणि तिच्या साऱ्या सांगाड्यातील कॅल्शियम जेमतेम वीस ग्रॅम. खुराकातून येणारी आवक कमी पडली, की शरीर हाडांचे मुद्दल मोडून कवचाचा हप्ता भरते. दीड वर्षात हाडे काडीसारखी ठिसूळ होतात. छातीचे हाड मोडते, पाय लुळे पडतात. त्यातच तिला पिंजऱ्यात मिळणारी जागा सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर असते. साध्या ए-फोर कागदाचे क्षेत्रफळ ६२० चौरस सेंटिमीटरांहून अधिक आहे. पंख पसरणे दूरच, तिला सरळ वळताही येत नाही.

येथे श्रावकाला एक परिचित यादी आठवल्याशिवाय राहत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत ते पाठ करताना डोळ्यांसमोर बैल, घोडा, फार तर नोकरचाकर येत. आता ही यादी खुराड्यासमोर उभे राहून वाचावी. बंध, तो पायांच्या दोरीत आणि पिंजऱ्यात आहे. वध म्हणजे येथे मारहाण. ती गाडीत चढवता-उतरवताना होते. छेद, तो पहिल्या काही दिवसांतच तापलेल्या पात्याने पिल्लाची चोच कापताना झालेला असतो. अन्नपाननिरोध, तो प्रवासाच्या लांब तासांत आहे. राहिले अतिभारारोपण. कोंबडीच्या पाठीवर कोणी गोणी लादत नाही, म्हणून हा दोष येथे नाही असे वाटते. पण तिचा भार पाठीवर लादलेला नसून शरीरातच घातलेला आहे. दोन किलोंचे मांस कोवळ्या पायांवर, तीनशे अंडी वीस ग्रॅमच्या सांगाड्यावर. तिचे लंगडणे म्हणजे त्या अतिभाराखाली वाकलेला पाय होय. कायद्याची भाषाही यापासून फार दूर नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने वेदना होईल अशी वाहतूक आणि पुरेशी हालचाल करू न देणारा पिंजरा, दोन्ही दोषास्पद ठरवले आहेत; आणि विधी आयोगाने २०१७ मध्ये आपला २६९ वा अहवाल खास कोंबड्यांच्या वाहतुकीवर व निवाऱ्यावरच दिला.

अशी लंगडी कोंबडी दारी आली, तर करायचे काय? दया असते, पण माहिती नसते, म्हणून पुष्कळदा जीव हातचा जातो. पहिले काम म्हणजे तिला इतर पक्ष्यांपासून वेगळे ठेवणे. निदान दोन-तीन आठवडे, कारण ती सोबत कोणता रोग घेऊन आली आहे हे ठाऊक नसते. आणि कळपातील पक्षी दुबळ्याला टोचतात. मात्र तिला इतर कोंबड्या दिसतील, त्यांचा आवाज ऐकू येईल, अशी जागा असावी. अगदी एकटी पडलेली कोंबडी खाणे सोडते. खाली जाळी किंवा उघडी फरशी नको. भाताचा तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा चार बोटे जाड पसरावा आणि ओला झाला की बदलावा. विष्ठेतील अमोनिया तळव्यांची आणि छातीची कातडी जाळतो. दाणापाणी बसल्या जागेवरून चोच पोहोचेल इतके जवळ हवे. चोच कापलेली असेल तर तिला फरशीवरचा दाणा टिपता येत नाही. भरड भिजवून खोलगट वाडग्यात द्यावी. बसायची दांडी वीतभर उंचीपेक्षा वर नको, कारण ठिसूळ हाडाला उडी मारून उतरणेही महागात पडते.

मग पाय पाहावा. तळव्याला गाठ व मधोमध काळी खपली असेल तर आत जंतूंचा संसर्ग आहे. कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून पाय भिजवावा, पोव्हिडोन आयोडीन लावून मऊ पट्टी बांधावी; गाठ कापायची वेळ आली तर ते पशुवैद्याचे काम. एक पाय पुढे आणि एक मागे फाकून कोंबडी पडून राहत असेल तर ते बहुधा मॅरेक नावाच्या विषाणुरोगाचे लक्षण. त्यावर औषध नाही, केवळ शुश्रूषा आहे. पिल्लाची बोटे आत मुठीसारखी वळली असतील तर ब-२ जीवनसत्त्वाची उणीव संभवते, आणि ती वेळीच भरून काढली तर पाय सुधारतो. अंडी देणारी कोंबडी शेपटी खाली पाडून, पाय फाकवून चालत असेल तर अंडे अडकले असण्याची शक्यता असते. तेथे तासांना महत्त्व आहे. उभे राहता येत नसेल तर जाड फडक्याची झोळी करून, तिला पायांसाठी दोन भोके ठेवून, दिवसातून थोडा वेळ तीत बसवावे, म्हणजे घोट्यांवरचा भार हलका होतो. माणसाच्या दुखण्यावरची गोळी मात्र मनाने कधीही देऊ नये. डायक्लोफिनॅक या एका औषधाने देशातील गिधाडे जवळजवळ संपवली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घालावी लागली, हे ध्यानात असावे.

मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीच्या बाबतीत सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे तिला पोटभर न देणे. ती सतत भुकेली असते. ती भूक माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यात भरलेली आहे. तिच्या मागणीप्रमाणे दाणा दिला तर वजन वाढून पाय आणि हृदय दोन्ही जातात. म्हणून दोन वेळा मोजून द्यावे, पालेभाजी अधिक द्यावी. हा अन्नपाननिरोध नव्हे. उणोदरी म्हणजे काय, हे ज्या घरात ठाऊक आहे त्या घराला हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

उजेडाचेही असेच आहे. शेडमध्ये रात्रीही दिवे जळतात, कारण प्रकाश असेपर्यंत कोंबडी खाते, आणि दिवस लांबला की अंडी अधिक घालते. स्वभावतः हा पक्षी सूर्यास्तानंतर अन्नाला चोच लावत नाही. सुटून आलेल्या कोंबडीला रात्रीचा काळोख परत देणे हे औषधच आहे. अंडी कमी होतात आणि हाडांना उसंत मिळते. सकाळचे ऊन मिळाले, की ड जीवनसत्त्व तयार होते आणि खुराकातील चुनखडीची भुकटी अंगी लागते. चौविहार पाळणाऱ्या घराला हे वेळापत्रक परके वाटू नये.

या सेवेत धर्मसंकट नाही असे मात्र नाही. पायाच्या खवल्यांखाली सूक्ष्म कीटक शिरले की खवले उभे राहतात, पाय जाड व खडबडीत होतात आणि बोटेही झडू शकतात. उपचार म्हणजे तेल किंवा पेट्रोलियम जेली चोपडणे. त्याने कीटक गुदमरून मरतात. जंताच्या औषधाचेही तेच. एका पंचेंद्रिय जीवाला वाचवताना अनेक लहान जीवांचा घात होतो, हे सेवा करणाऱ्याला खुपते आणि खुपलेच पाहिजे. गृहस्थाच्या हिंसेत संकल्पी आणि आरंभी असा भेद केला आहे. येथे मारण्याचा संकल्प नसतो, पण म्हणून हात झटकून मोकळे होता येत नाही. उपाय यतनेत आहे. खुराडे कोरडे ठेवणे, फटी बुजवणे, दांड्या आणि पेट्या उन्हात घालणे, नव्या पक्ष्याला वेगळे ठेवणे, आणि कोरड्या मातीचा व राखेचा एक खड्डा करून देणे. कोंबडी त्या धुळीत लोळून आपले अंग आपणच स्वच्छ करते. कीटक होऊच न देणे, ही दोन्ही जीवांवरची दया आहे.

सावधगिरीची एक गोष्ट वगळता येत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लूचा उद्रेक झाला, आणि तेथील कोंबड्यांची सरसकट विल्हेवाट लावावी लागली. म्हणून खुराड्यात गेल्यावर हात साबणाने धुणे, चपला वेगळ्या ठेवणे, आणि एकाएकी अनेक पक्षी दगावले तर ते न लपवता पशुसंवर्धन विभागाला कळवणे, हेही जीवदयेचेच अंग आहे.

आता पैशाचा प्रश्न. व्यापारी कुटुंबात पर्वकाळी जीव सोडवण्याची प्रथा आहे. वाढदिवसाला, पुण्यतिथीला, पर्युषणात कोणी दुकानावर जाऊन दहा-वीस कोंबड्या विकत घेतो आणि त्या सोडवल्याचे समाधान मानतो. हेतू निर्मळ आहे. हिशेब मात्र चुकतो. दुकानदाराच्या वहीत ती विक्रीच असते. माल संपला, भाव मिळाला, उद्याची मागणी त्याप्रमाणे जाणार. ग्राहक कोण होता आणि त्याच्या मनात काय होते, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. व्यापाराचा हा साधा नियम व्यापाऱ्याला कोणी शिकवावा लागू नये. म्हणून विकत घेऊन सोडवण्यापेक्षा जे पक्षी आधीच बाजाराबाहेर पडले आहेत, टाकलेले, निसटलेले, जप्त झालेले, बंद शेडमध्ये उरलेले, त्यांच्याकडे पैसा वळणे अधिक सार्थ आहे.

आणि तो पैसा एकदाचा नव्हे. कोंबडीला दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खुराक लागतो, म्हणजे वर्षाला ४० किलो. दीड वर्षाची कोंबडी नीट सांभाळली तर आणखी चार-पाच वर्षे जगू शकते. तिच्या एकटीच्या नावे १६० ते २०० किलो धान्य आले. भाव आपापल्या गावचा घालावा. त्यावर तूस, औषध, पशुवैद्याची फी, आणि सर्वांत मोठी बाब, रोज दोन वेळा खुराडे झाडणारा माणूस. सोडवण्याची किंमत या बेरजेपुढे क्षुल्लक ठरते. अभयदान एका क्षणात दिले जाते. ते निभावले जाते चालू खर्चातून.

जुन्या व्यापाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. मुंबईत भुलेश्वरचे पांजरापोळ १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्या सहकारी हिंदू-जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून शहरात १८३२ साली दंगा झाला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी ही संस्था आली. ती केवळ एकरकमी देणग्यांवर टिकली नाही. व्यापाऱ्यांनी बंदरातून जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर स्वेच्छेने लागा बसवला. गासडीमागे, पेटीमागे ठरलेली छोटी रक्कम पांजरापोळाच्या खात्यात जात असे. धंदा चालेल तोवर जनावराचा चारा चालेल, अशी ती जोडणी होती. दुधाची अपेक्षा नसलेली म्हातारी गाय, काम न होणारा बैल, लंगडा घोडा, यांना मरेपर्यंत ठेवून घ्यायचे, हा पांजरापोळाचा मूळ अर्थ. आजची लंगडी कोंबडी या व्याख्येत पूर्णपणे बसते. फरक एवढाच, की ती लहान आहे, संख्येने अफाट आहे, आणि तिच्याकडे माता म्हणून पाहण्याची परंपरा नाही.

म्हणूनच तिची सेवा ही दयेची खरी कसोटी ठरते. तिच्याकडून घेण्यासारखे काही नाही. दूध नाही, शेण-खताचा मोठा लाभ नाही, फोटोत शोभेल असे रूपही नाही. पिसे झडलेली, चोच कापलेली, पाय फेंगडलेले. तिने घातलेली अंडी श्रावकाच्या घरी चालत नाहीत आणि विकणे तर मुळीच नाही. लाभाचा रकाना कोरा आणि खर्चाचा भरलेला, अशी वही पुढे ओढून जो रोज नोंद करतो, त्याच्याच दानाला निरपेक्ष म्हणता येईल.

लाल मंदिराच्या गच्चीवरून संध्याकाळी यात्रेकरू खाली उतरतो तेव्हा दाणे टिपून झालेली कबुतरे किल्ल्याच्या तटाकडे निघालेली असतात. तो दानपेटीत काही टाकतो आणि पुढच्या गाडीच्या वेळेकडे पाहतो. ते दान उत्तमच आहे. परंतु गावी परतल्यावर त्याने आपल्या पांजरापोळाच्या किंवा गोशाळेच्या विश्वस्तांना एक प्रश्न जरूर विचारावा: आपल्या आवारात दहा फूट लांब, दहा फूट रुंद असा एक कोपरा, वर पत्रा, खाली तूस, पूर्वेकडून ऊन येईल असा, लंगड्या कोंबड्यांसाठी मिळेल काय? आणि मिळाला, तर त्या कोपऱ्याच्या नावे दुकानाच्या वहीत एक कायमचे खाते उघडावे. दरमहा ठरलेली रक्कम, मग ती कितीही लहान असो. त्या कोपऱ्यातून कोणी आकाशात झेपावणार नाही. पिसे हळूहळू परत येतील, एखादी दोन पावले न लंगडता चालेल, एखादी चालणारही नाही. सकाळचे ऊन आणि दोन वेळचा मोजका दाणा, एवढेच त्यांचे मागणे आहे; पण ते रोजचे आहे.